मदत हवी आहे: विहिरीची वाफ निम्म्याजवळ आली, ॲसिड सोडावं की रिग लावावी?

नमस्कार मंडळी,

मी मोर्शी तालुक्यातला. पूर्व आफ्रिकेत एका भूऔष्णिक केंद्रात (जमिनीखालच्या उष्णतेच्या वाफेवर वीज बनवतात तिथे) विहिरींच्या देखभालीवर आहे, सध्या सुट्टीवर गावी आलोय. परत गेल्यावर लगेच एका विहिरीबद्दल मत द्यायचंय. तेलविहिरींवर किंवा पाण्याच्या रसायनात काम केलेलं कुणी असेल तर कृपया वाचा.

ही विहीर तासाला ३० टन वाफ द्यायची, दीड वर्षात १८ वर आली. टर्बाइनला वाफ पुरत नाही. नवी खोदायची तर खर्च अफाट.

परवा बागेत बाबांना हे सांगत होतो. ते म्हणाले, "पाणी आटलं का झरे बुजले, थे पाह्य पयले." सगळा प्रश्न तोच आहे. विहीर बंद केल्यावर चढणारा दाब पूर्वीइतकाच आहे, शेजारच्या विहिरीही टिकून आहेत. म्हणजे साठा शाबूत असावा. शिवाय तारेवर सोडलेलं नळकांडं ६५० मीटरच्या आसपास अडकलं. पाणी उकळायला लागतं ती खोली साधारण तीच. तिथे कार्बन डायऑक्साइड निसटतो, पाण्याची आम्लता घटते आणि कॅल्साइट भिंतीला धरतो. आपल्या ठिबकच्या नळ्यांत बसतो तोच क्षार, पण इथे दगडासारखा.

एक वरिष्ठ जवळच पाणी जिरवा म्हणतात. कॅलिफोर्नियातल्या 'द गीझर्स' या भूऔष्णिक क्षेत्रात १९८७ नंतर वाफ घटत गेली, तेव्हा १९९७ पासून लेक काउंटीचं आणि २००३ पासून सांता रोझाचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी खाली सोडलं, हे खरं. पण तिथे खडकात उष्णता होती, पाणी संपत होतं. आमच्याकडे तसं दिसत नाही, आणि जवळ गार पाणी सोडलं तर चांगल्या विहिरीही थंडावतील अशी मला धास्ती आहे.

बाकीच्यांचा कल हायड्रोक्लोरिक ॲसिडकडे. ठिबकला आपण तेच सोडतो, कॅल्साइट विरघळेलही. पण थरात सिलिका असली तर ती या ॲसिडला दाद देत नाही. तिला हायड्रोफ्लोरिक लागतं, आणि कॅल्साइट उरलेला असताना ते गेलं की कॅल्शियम फ्लोराइड तयार होऊन पुन्हा बुजतं. रिगने थर फोडायचा तर आधी विहीर गार करावी लागते. त्यात घाई झाली की केसिंग आकसून सांध्यात तुटतं.

थराचा नमुना हाती नसताना नुसत्या पाण्याच्या तपासणीवरून सिलिकेचा अंदाज बांधता येतो का? गरम विहीर गार करताना तुम्ही किती दिवस घेतले? आणि साफ केल्यावर उकळीच्या खोलीखाली बारीक नळीने क्षाररोधक सोडायचा विचार आहे. ती नळीच चोंदल्याचा अनुभव कुणाला आहे का?

दाब-तापमानाचे आलेख माझ्याकडे आहेत, मागाल तर आज रात्रीच टाकतो. रविवारी निघतोय.