मदत हवी आहे: टॉवेलच्या मागावर जखमेची जाळी?

सोलापूरकरांनो, अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे टॉवेलचे माग आहेत. रेशमातलं सेरिसिन (धाग्यावरचा चिकट थर) काढून उरलेल्या फायब्रॉइनच्या (धाग्याच्या मूळ प्रथिनाच्या) जाळीवर पेशी वाढवून त्वचा, कूर्चा दुरुस्त करायचं संशोधन चालतं, असं बायोटेक शिकणाऱ्या पुतणीने सांगितलं आणि माझी झोपच उडाली. विणकाम तर आपलंच! शेडमध्ये कापसाचे तंतू उडतात, तिथे निर्जंतुक काही व्हायचं नाही हे कळतं. पण जाळीचे नमुने विणून देईन. सिव्हिलचे प्लास्टिक सर्जन, विद्यापीठातलं कुणी आणि आम्ही मागवाले, एका टेबलावर कसं यायचं? करार आधी की नमुने? एथिक्स कमिटी (संशोधनाची नैतिक तपासणी करणारी समिती) कोणत्या टप्प्यावर लागते?

(स्टेम सेलची इंजेक्शनं विकणाऱ्यांनी मेसेज करू नये. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) स्टेम सेलबद्दलच्या २०१७ च्या सूचना वाचल्यात.)