अनुभव धागा: तुम्ही मोबाइलवरून लाइव्ह काय दाखवलंत?

2015 साली सिंहस्थ भरला, त्याच वर्षी मार्चमध्ये पेरिस्कोप हे फोनवरून लाइव्ह दाखवायचं ॲप आलं होतं. पण रामकुंडावर उभं राहून लाइव्ह करण्याएवढा डेटा तेव्हा किती जणांना परवडत होता? 2016 मध्ये फेसबुक लाइव्ह सगळ्यांना खुलं झालं, सप्टेंबरात जिओ आलं, आणि गल्लीतलं कुणीही फोन उचलून दाखवू लागलं. नाशिककरांनो, तुम्ही काय दाखवलंत, कुणासाठी? सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

4 ऑगस्ट 2019. गोदेला पूर. मैत्रिणीच्या गच्चीवरून नदीपात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती दिसतो, तिथून लाइव्ह गेले. पंचवटीच्या माहेरवाशिणी पुण्याहून, ठाण्याहून विचारत होत्या, "मारुतीच्या कुठवर आलं?" गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडले ते बातम्यांत कळतं, पण आपल्याला पूर समजतो तो मारुतीच्या अंगावरूनच. कमरेला, छातीला, गळ्याला. मी तेवढंच सांगत राहिले. दोन घरांनी ते ऐकून खालचं सामान माडीवर नेलं, हे नंतर कळलं.

पुढच्या पावसाळ्यात तोच व्हिडिओ "आत्ताची परिस्थिती" म्हणून मलाच फॉरवर्ड होऊन आला. माझाच घाबरलेला आवाज, आणि बाहेर नदी शांत! तेव्हापासून दर पाच मिनिटांनी तारीख, वार, वेळ तोंडाने बोलते. वर लिहिलेली तारीख फॉरवर्ड होताना गळते, बोललेली राहते.

निफाडहून
ताई, मी लासलगावचा कांदा लिलाव दाखवतो. बाजारभाव फोनवर येतोच: कमीत कमी, जास्तीत जास्त, सरासरी. पण कोणत्या मालाला काय बोली लागली ते त्यात नसतं. ट्रॅक्टरमधला माल आधी जवळून दाखवायचा, मग बोली. गोल्टी म्हणजे बारीक कांदा किती, पत्ती (वरची साल) सुटलेला माल किती, हे बघूनच घरचा शेतकरी ठरवतो, आज साठवणीची कांदाचाळ फोडायची की थांबायचं. एकदा एकाने हटकलं, फोन खाली कर म्हणाला. मी म्हटलं, बोली सगळ्यांसमोर लागते ना, मग आणखी चार जणांनी बघितली तर काय बिघडलं? मागे उभे असलेले शेतकरीही बोलले, तेव्हा तो गप्प बसला.

द्वारका परिसरातून
मी निवृत्त शिक्षक. माझा अनुभव वेगळा आहे. महामार्गावर अपघात झाला, मी धावत गेलो तर तीन जण लाइव्ह करत उभे. जखमी मुलाच्या आईने आधी ते बघितलं, मग तिला फोन गेला. रेकॉर्ड केलेलं असतं तर टाकण्याआधी कुणीतरी दोन मिनिटं विचार केला असता. लाइव्हमध्ये ती सवडच नाही. अपघातात चेहरा दाखवू नका, हात जोडून सांगतो. आधी 108 लावा.

जुन्या नाशकातून
रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, धप्पा (उडी) मारताना भावाने दाखवलं. गर्दीने नेटवर्क बसलं, नुसतं गोल फिरत होतं. आता आम्ही तांबट गल्लीतल्या ओळखीच्या घरचं वायफाय घेतो.

गंगापूर रोडहून
सर, तुमचं पटतं, तरीही हे लिहिते. जानेवारी 2021. काका गेले. मुलगा कॅनडात, विमानांची तेव्हा काय अवस्था होती आठवत असेल. रामकुंडावरची दशक्रिया मी लाइव्ह दाखवली, फक्त घरच्यांच्या ग्रुपमध्ये. पिंड ठेवला. कावळा येईना. काकू म्हणाल्या, "काही राहिलंय त्यांच्या मनात." आम्ही एकेक जण पुढे होऊन बोललो. कावळे समोरच्या कठड्यावर बसून होते. मग स्क्रीनवर दादाची कमेंट आली, "आईला मी घेऊन जाणार नाही, मीच येईन, सांग बाबांना." मी ते मोठ्याने वाचलं. त्यानंतरही वीसेक मिनिटं काही झालं नाही. माझा हात भरून आला होता. चित्रात पिंड, केळीचं पान, ओला दगड, एवढंच. बघणारे अठरा होते, ते शेवटपर्यंत अठराच राहिले, एकही कमी झाला नाही. कावळा शिवला तेव्हा दादाला चित्र काही सेकंद उशिरा पोचलं. आम्ही आधी रडलो, तो नंतर.

दादा त्याच वर्षी डिसेंबरात आला, कायमचा.

सिडकोहून
ताई, वाचून थांबले. एक विचारते, आमच्याकडे पुढच्या आठवड्यात वर्षश्राद्ध आहे. फक्त घरच्यांना कसं दाखवायचं? यूट्यूबवर जमेल?

गंगापूर रोडहून
यूट्यूबवर फोनवरून लाइव्हला निदान 50 सबस्क्राइबर लागतात, आणि पहिल्यांदा सुरू करताना परवानगीला 24 तास जाऊ शकतात. फेसबुकवर घरच्यांचा खासगी ग्रुप काढा, ते सोपं. आदल्या दिवशी दोघींनी मिळून एकदा करून बघा. मध्येच फोन आला की लाइव्ह अडकतं, म्हणून कॉल बंद ठेवा. उभा-आडवा काय धरायचा ते सुरू करण्याआधीच ठरवा. आणि फोन धरायला दुसरं माणूस ठेवा, माझा हात दोन दिवस दुखत होता.