‘इतिवृत्त कायम करणे’ म्हणजे नक्की काय? नगरपरिषदेच्या कागदांतले शब्द

गेल्या महिन्यात शेजारचे एक दुकानदार काका नगरपरिषदेच्या सभेची विषयपत्रिका घेऊन आमच्याकडे आले. नगरपरिषदेच्याच गाळ्यात त्यांचं बरीच वर्षं दुकान आहे. आधीच्या सभेत गाळ्यांच्या भाडेवाढीचा ठराव झाला होता. नव्या पत्रिकेत विषय क्रमांक एक होता : ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.’ काकांचा चेहरा उतरलेला. म्हणाले, “म्हणजे भाडेवाढ आता कायमची झाली ना गं? मग अर्ज देऊन काय उपयोग?” अर्ज लिहून खिशात तयार होता, तो ते फाडायच्या बेतात होते.

माझे वडील नगरपरिषदेत लिपिक होते. सभेचं इतिवृत्त लिहायचं काम बरीच वर्षं त्यांच्याकडे होतं, त्यामुळे हे शब्द आमच्या घरात जेवताना बोलले जायचे. काकांना सांगितलं ते इथेही लिहिते.

‘कायम’ मूळचा अरबी, अर्थ ‘उभा असलेला’. बोलण्यात आपण तो ‘नेहमी’ या अर्थाने वापरतो : ‘तो कायम उशिरा येतो.’ नोकरीत कायम म्हणजे हंगामी नसलेला. कोर्टात ‘शिक्षा कायम ठेवली’ म्हणजे खालच्या कोर्टाचा निकाल वरच्याने उचलून धरला. सभेतलं ‘कायम करणे’ या तिन्हींपेक्षा वेगळं आहे. मागच्या सभेत जे घडलं ते वहीत बरोबर उतरलंय ना, एवढंच सदस्यांनी तिथे पाहायचं असतं. ‘इतिवृत्त’ या शब्दातच ते आहे : इति वृत्त, म्हणजे असं असं घडलं. ठराव चांगला की वाईट, हा प्रश्न त्या वेळी नसतोच. एखाद्या सदस्याचा विरोध नोंदवायचा राहिला असेल, आकडा चुकला असेल, तर बोलायची जागा तीच. वडील म्हणायचे, सभेतला सगळ्यात महत्त्वाचा विषय पहिला असतो आणि त्याच वेळी निम्मे सदस्य चहा घेत असतात.

तेव्हा इतिवृत्त कायम झालं म्हणून भाडेवाढ दगडावर कोरली गेली असं होत नाही. ठरावाविरुद्ध अर्ज करण्याचा रस्ता त्याने बंद होत नाही.

आणखी कुणाला असे शब्द अडले असतील तर इथे लिहा. माहितीतले मी सांगेन, बाकीचे जाणकार सांगतील.

*

चांगला विषय. ‘कायम ठेवणे’ आणि ‘कायम करणे’ यांतला फरक इतक्या स्पष्टपणे कधी लक्षात आला नव्हता. एका क्रियापदाने केवढा अर्थ बदलतो!

माझी भर ‘बरखास्त’बद्दल. फारसीत ‘बरखास्तन’ म्हणजे उठणं. सभेच्या शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने सभा बरखास्त करण्यात आली’ असं लिहितात, त्याचा सरळ अर्थ सभा उठली. पण तोच शब्द माणसाला लावला की त्याची नोकरी जाते, आणि नगरपरिषदेलाच लावला की सगळे सदस्य घरी जाऊन प्रशासक बसतो. मी लहान असताना ‘सभा बरखास्त’ अशी बातमी वाचून शासनाने नगरपरिषद मोडीत काढली असंच समजलो होतो.

‘बडतर्फ’ त्याच घरातला : ‘बर तरफ’, म्हणजे बाजूला केलेला.

*

मग ‘तहकूब’चं काय? आमच्याकडे सभा तहकूब झाली की लोक म्हणतात, ‘रद्द झाली.’ दोन्ही एकच ना?

*

नाही, आणि इथे गल्लत झाली तर महागात पडते.

रद्द म्हणजे संपलं. नवी नोटीस, नवी पत्रिका, सगळं पहिल्यापासून. तहकूब म्हणजे तीच सभा मध्ये थांबवलेली, पुढे ती तिथूनच चालू होणार. विधानसभेत गोंधळ झाला की ‘कामकाज दहा मिनिटांसाठी तहकूब’ म्हणतात ना, तसंच. अधिवेशन संपतं तेव्हा मात्र ते ‘संस्थगित’ होतं. सभागृह आहे, सदस्य आहेत, फक्त ते अधिवेशन मिटलं. हे दोन शब्द वर्तमानपत्रांत सर्रास अदलाबदल करून छापले जातात.

नगरपरिषदेत तहकुबीचं आणखी एक अंग आहे. पुरेसे सदस्य आले नाहीत, म्हणजे गणपूर्ती झाली नाही, तर सभा तहकूब करतात. ती पुन्हा भरते तेव्हा पत्रिकेवरचे तेच विषय गणपूर्ती नसतानाही निकालात काढता येतात. म्हणून ‘काही झालंच नाही, सभा रद्द झाली’ असं म्हणून जो घरी बसतो, त्याच्या प्रभागाचा विषय चार डोकी हजर असताना मंजूर होऊन जातो. ‘गणपूर्ती’ला जुने लोक ‘कोरम’च म्हणतात, वडीलही बोलताना कोरम म्हणायचे आणि लिहिताना गणपूर्ती.

*

मी अनेक वर्षं तालुक्याच्या ठिकाणी वार्ताहर म्हणून नगरपरिषदेच्या सभांना बसलोय. माझ्या मते सगळ्यात जपून वाचायचा शब्द आहे ‘ऐनवेळचे विषय’. विषयपत्रिकेत शेवटी एक ओळ असते : ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. ‘ऐन’ अरबी. ऐन उन्हाळ्यात, ऐन तारुण्यात, ऐन वेळी : नेमकं, भर, मध्यावर असा त्याचा रंग. कल्पना चांगली आहे. पत्रिका निघाल्यावर पाण्याची मुख्य वाहिनी फुटली तर तो विषय पुढच्या सभेपर्यंत थांबवता येत नाही. पण ज्या विषयाची आठ दिवस आधी कुणालाच कल्पना नसते तो पाच मिनिटांत ठरतो. पत्रिकेवर बारा विषय आणि ऐनवेळचे वीस, असं मी पाहिलं आहे. ज्याला शहराच्या कारभाराची काळजी आहे त्याने इतिवृत्त शेवटच्या पानापासून वाचायला घ्यावं.

त्याला जोडून ‘कार्योत्तर मंजुरी’. शब्द संस्कृत आणि भारदस्त, अर्थ साधा : काम आधी झालं, परवानगी मागून. पुरात नाला मोकळा केला आणि खर्चाला नंतर मंजुरी घेतली, हे समजण्यासारखं. पण सुशोभीकरणाला कार्योत्तर मंजुरी कशासाठी? तसा विषय दिसला की मी वहीत खूण करायचो.

*

वार्ताहर साहेबांच्या मुद्द्याला जोडून ‘सर्वानुमते’ आणि ‘एकमताने’ यांबद्दल. एकमताने म्हणजे सगळ्यांचं मत एकच. सर्वानुमते म्हणजे सगळ्यांची अनुमती. एखाद्याचं मत वेगळं असलं तरी त्याने अडवलं नाही. बारीक फरक आहे, पण आहे. कुणी उघड विरोध केला असेल तर दोन्ही शब्द खोटे ठरतात. तिथे ‘बहुमताने’च लिहायला हवं, विरोध करणाऱ्यांच्या नावांसह. हल्ली प्रत्येक ठरावाखाली ‘सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर’ हे एखाद्या शिक्क्यासारखं येतं.

*

अगदी बरोबर. वडिलांनी एकदा ‘सर्वानुमते’ खोडून ‘बहुमताने’ लिहिलं, त्यावरून दोन दिवस घरात त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. पण त्यांनी ते पुन्हा बदललं नाही. ‘इतिवृत्त कायम करणे’ मला महत्त्वाचं वाटतं ते त्यामुळेच.

‘ठराव’बद्दल एक निरीक्षण. इंग्रजीतल्या ‘रेझोल्यूशन’साठी आपल्याकडे आज दोन शब्द आहेत. मंत्रालयातून निघतो तो ‘शासन निर्णय’, ज्याला सगळे जीआर म्हणतात. नगरपरिषदेत होतो तो ‘ठराव’. मला ठराव जास्त आवडतो. ठरणं हे चार जणांत बसून होतं, तो घरगुती शब्द आहे : लग्न ठरतं, भाव ठरतो. ठराव सभेनेच करायचा असतो. म्हणून ‘मुख्याधिकाऱ्यांनी ठराव केला’ असं वाचलं की ते चुकीचं आहे हे चटकन कळायला हवं. मुख्याधिकारी आदेश काढतात, ठराव करत नाहीत.

आणि ठराव अडवायचा असेल तर? १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमातलं कलम ३०८ जिल्हाधिकाऱ्यांना ठरावाची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार देतं. हे कलम इतकं वापरात आहे की तो आकडाच नाम झाला. ‘त्यांनी तीनशे आठ टाकला’ असं लोक बोलतात.

*

‘नगरपालिका’ की ‘नगरपरिषद’? आमचे गुरुजी ‘पालिका’ म्हटलं की चूक काढायचे.

*

गुरुजींची शिस्त मान्य, पण ‘पालिका’ चूक नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने संविधानात जो भाग आला (१ जून १९९३ पासून लागू), त्यात ‘नगरपालिका’ हे सगळ्या शहरी संस्थांचं सामाईक नाव आहे. तिचे तीन प्रकार : नगरपंचायत, नगरपरिषद, महानगरपालिका. म्हणजे प्रत्येक नगरपरिषद नगरपालिका असतेच. पाटीवर आणि शिक्क्यावर नगरपरिषद, लोकांच्या तोंडी पालिका. आमच्या आजीची मात्र शेवटपर्यंत ‘मुन्शिपालटी’.

आपल्या राज्यात लोकसंख्येवरून नगरपरिषदांचे वर्ग पडतात. एक लाखाच्या वर ‘अ’, चाळीस हजार ते एक लाख ‘ब’, त्याखाली ‘क’. ‘आमची क वर्ग आहे’ हे लोक कमीपणाने सांगतात. गुणवत्तेशी त्याचा काही संबंध नाही, तो माणसं मोजून पडलेला वर्ग आहे.

तसंच ‘नगरसेवक’. कायद्याच्या भाषेत ‘परिषद सदस्य’. आणि ज्यांना आपण ‘स्वीकृत नगरसेवक’ म्हणतो ते नामनिर्देशित सदस्य. त्यांना सभेत बोलता येतं, मत देता येत नाही.

*

मला विचारायचंय ते ‘हरकत’. हिंदीत हरकत म्हणजे खोडी, चाळा. आपल्याकडे ‘हरकत नाही’. आणि नोटिशीत ‘हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत’. एकाच शब्दाचं इतकं काय काय?

*

मूळ अरबी अर्थ हालचाल. हिंदीने त्यातली वावगी हालचाल घेतली. मराठीने मध्ये येणारी, आड येणारी घेतली, आणि त्यातून अडथळा, मग आक्षेप. संगीतात मूळ अर्थ शिल्लक आहे : गायकाने घेतलेली ‘हरकत’ ही सुरांची हालचालच असते.

‘ना हरकत दाखला’ यातून झाला. दाखल्याबद्दल फार सांगत नाही, पण ‘हरकती व सूचना’ या ओळीबद्दल सांगते. विकास आराखडा असो की घरपट्टीची फेरआकारणी, ही ओळ म्हणजे प्रशासनाने तुम्हाला दिलेली जागा आहे. लोकांना वाटतं हरकत म्हणजे भांडण, वाईटपणा. तसं नाही. ‘माझ्या घराचं क्षेत्र जास्त धरलं आहे’ एवढं एका कागदावर मुदतीत लिहून दिलं की ती हरकत. मुदत गेल्यावर कितीही पोटतिडकीने बोललात तरी ती तक्रार. दोन शब्द, दोन वेगळ्या रांगा.

*

फेरआकारणीवरून ‘आकार’ आठवला. सातबाऱ्यावर ‘आकार’ या रकान्यात रुपये-पैसे असतात, आणि नवीन माणूस तिथे जमिनीची लांबी-रुंदी शोधतो. आकार म्हणजे बसवलेली रक्कम. आकारणे, आकारणी त्यातूनच.

‘पट्टी’ही जुनी. घरपट्टी, पाणीपट्टी यांच्या कितीतरी आधी मराठेशाहीत म्हैसपट्टी होती. वर्गणी काढायला आजही ‘पट्टी काढू’ म्हणतात. ‘थकबाकी’ तर मला फार आवडतो : मराठी ‘थकणे’ आणि अरबी ‘बाकी’ यांचा संसार. आणि ती न भरल्यावर जे होतं तो ‘लिलाव’ पोर्तुगीज.

*

‘बारनिशी’ कुणी सांगेल का? अर्ज द्यायला गेलो की ‘बारनिशीत द्या’ म्हणतात. मी एकदा आख्खा मजला फिरलो, तशी पाटीच कुठे नव्हती. पाटी होती ‘आवक-जावक’.

*

तीच ती. ‘नीस’ म्हणजे फारसी ‘नवीस’, लिहिणारा. चिटणीस, फडणीस यांतला. पेशवाईतल्या कागदांवर नोंद झाल्याची खूण म्हणून ‘बार’ असा शेरा दिसतो. म्हणजे आलेल्या कागदाची नोंद जिथे लिहितात ती बारनिशी. पाटी बदलली, तोंडातला शब्द टिकला.

तिथून घ्यायची ती ‘पोच’. पोचणे या साध्या क्रियापदापासून. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आवक क्रमांक असेल तर पुढे माहितीच्या अधिकारात (२००५ चा कायदा, दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत) ‘या क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली’ असं नेमकं विचारता येतं. क्रमांक नसेल तर उत्तर येतं : ‘असा अर्ज या कार्यालयात आढळून येत नाही.’

*

मूळ धाग्यातल्या काकांचं काय झालं?

*

अर्ज फाडला नाही. सोमवारी मी बरोबर गेले होते. आवक-जावकच्या खिडकीवरच्या मुलीने अर्ज घेतला आणि आत ठेवून दिला. काकांनी खिशातून दुसरी प्रत काढून पुढे सरकवली आणि म्हणाले, “बाई, पोच.” तिने शिक्का मारला, क्रमांक घातला. काकांनी तो क्रमांक दुकानातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवलाय. पुढच्या सभेची विषयपत्रिका निघाली की भाड्याचा विषय आहे का ते बघून इथे कळवते.

तोवर ‘दिवाबत्ती’वर कुणाकडे काही असेल तर लिहा. आमच्याकडे विभागाचं नाव ‘विद्युत’ झालं, पण खांबावरचा दिवा गेला की तक्रारवहीत लोक अजूनही ‘दिवाबत्ती बंद’ असंच लिहितात.