गिब्सन ब्रदर्स: तीन भावांची कमाई की पॅरिसच्या निर्मात्याची?

खिडकीतला स्पीकर
डिस्कोचा विषय निघाला की आपली गाडी बोनी एम आणि आब्बा या दोन स्टेशनांपुढे जात नाही. गिब्सन ब्रदर्स म्हटलं की लोक तोंडाकडे बघतात. 'क्युबा' लावा, तीच मंडळी "अरे, हे होय!" म्हणून ठेका धरतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: क्रिस, पॅट्रिक आणि अ‍ॅलेक्स, तिघे सख्खे भाऊ. खरं आडनाव फ्रांकफोर. मूळ मार्टिनिकचे, म्हणजे कॅरिबियनमधल्या फ्रेंच बेटावरचे. १९७६ च्या सुमारास पॅरिसात ग्रुप जमला. निर्माता डानिएल व्हांगार्द, गाणी बहुतेक त्याची आणि जाँ क्लुगेरची. १९७९-८० मध्ये ब्रिटनच्या खपाच्या गाण्यांच्या यादीत 'ऊ! व्हॉट अ लाइफ' दहावं, 'के सेरा मी व्हिदा' पाचवं, 'मारिआना' अकरावं. 'क्युबा' पहिल्या खेपेला चाळीसच्या आसपास अडकलं, १९८० मध्ये पुन्हा काढलं तेव्हा बारावं आलं.

आता मुद्दा. जिथे तिथे यांना "व्हांगार्दचं प्रॉडक्ट" म्हणून निकालात काढतात. मला हे अजिबात पटत नाही. बोनी एममध्ये पुढे नाचणाऱ्या बॉबी फॅरेलचा आवाज रेकॉर्डवर नव्हताच, तो निर्माता फ्रँक फारियनचा होता. हे तिघे स्वतः गायचे आणि स्वतः वाजवायचे. पॅट्रिक ड्रमवर, अ‍ॅलेक्स पियानोवर, क्रिसकडे गिटार आणि तालवाद्यं. 'क्युबा'त मध्येच गाणं बाजूला पडतं आणि नुसता ताल उरतो, तो तुकडा कान देऊन ऐका. मग सांगा बाहुल्या कोण.

ओसरीवरचा
ऐकला. आता काही प्रश्न. मार्टिनिकची भाषा फ्रेंच आणि क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून बनलेली तिथली बोली. गाणं इंग्रजीत, वर स्पॅनिशची कोथिंबीर. विषय क्युबा. यात मार्टिनिक कुठे आहे? हे ट्रॅव्हल एजंटचं माहितीपत्रक आहे राव. ऊन, समुद्र, साल्सा, या नाचायला!

व्हांगार्दचा इतिहास बघा. १९७१ मध्ये याच क्लुगेरबरोबर 'यामासुकी' नावाचा खोटा जपानी प्रकार काढला होता. जपानी झालं, मग कॅरिबियन. ज्याला गिऱ्हाईक असेल तो वेष. गिब्सनच्या पाठोपाठ ओटावान, त्यानंतर ला कंपनी क्रिओल हे ग्रुप. माणसं बदलली, कारखाना तोच. आणि त्या 'क्युबा'तले ट्रम्पेट? तिघांच्या वाद्यांत ट्रम्पेट नाही. म्हणजे भाड्यानेच आणले ना?

खिडकीतला स्पीकर
भाड्याने ट्रम्पेट आणले म्हणून बँड खोटा? या हिशोबाने जगात एकही रेकॉर्ड खरी उरणार नाही. दुसऱ्याने लिहिलेलं गायलं हा गुन्हा असेल तर लताबाईंचं काय करणार? त्यांनी गाणी लिहिली नाहीत, चालीही लावल्या नाहीत.

चौकस भटक्या
चालींचं तेवढं मागे घ्या. 'आनंदघन' नावाने मराठी चित्रपटांना चाली कोणी लावल्या मग? 😀 बाकी चालू द्या.

तिहाई
ओसरीवरचा यांचा "मार्टिनिकच्या पोरांचा साल्साशी काय संबंध" हा मुद्दा मात्र टिकत नाही. कॅरिबियनमध्ये संगीत बेटावर गप्प बसत नाही. मार्टिनिकचा क्लॅरिनेटवादक स्टेलिओ १९२९ मध्ये पॅरिसला गेला आणि त्याने तिथे बिगीन हा आपल्या बेटाचा नाच गाजवला. त्याच काळात क्युबन वादकही पॅरिसच्या क्लबांत वाजवत होते. पुढे सत्तरच्या दशकात फ्रेंच अँटिलीजच्या, म्हणजे मार्टिनिक, ग्वाडेलूप या फ्रेंच बेटांवरच्या, नाचाच्या बँडला एका रात्रीत सगळंच वाजवावं लागायचं: हैतीचा कोंपा, बिगीन, कादान्स आणि साल्साही. अशा वातावरणातल्या ड्रमरला साल्सा येणं म्हणजे आपल्या ढोलकीवाल्याला गरबा येण्यासारखं आहे. तिथे व्हांगार्दच्या शिकवणीची गरज नाही.

उलट मी म्हणेन, त्याला यांची गरज होती. 'के सेरा मी व्हिदा' ऐका. खाली डिस्कोचा सरळसोट ठोका चालू आहे आणि वर तालवाद्यं त्याला सारखी आडवी जाताहेत. त्या आडवं जाण्यामुळेच ते गाणं अजून नाचवतं. त्याच वर्षीची बरीच युरोपियन डिस्को गाणी आज लावा, दुसऱ्या मिनिटाला कंटाळा येतो.

ओसरीवरचा
तिहाई, वाजवता येत होतं हे मला मान्यच होतं. माझी तक्रार वेगळी आहे. एवढं येत असून केलं काय?

त्याच पॅरिसात, त्याच १९७९ मध्ये 'कासाव' हा बँड सुरू झाला. ग्वाडेलूपचे देसिम्युस आणि देव्हारियो यांनी गावाकडचा ग्वो का ढोल घेतला, क्रिओलमध्ये गायले आणि झूक नावाचा नवा प्रकार उभा केला. १९८४ मधलं त्यांचं 'झूक ला से सेल मेदिकामान नू नी' आफ्रिकेपर्यंत वाजलं. तेव्हा फ्रान्समध्ये अँटिलीजची माणसं कोण होती? १९६३ पासून सरकारी खातं जहाजं भरभरून पोरंपोरी आणत होतं आणि त्यांना इस्पितळात, पोस्टात खालच्या कामाला लावत होतं. कासाव त्यांच्या भाषेत गायला. गिब्सननी त्यांना काय दिलं? क्युबाची सहल.

खिडकीतला स्पीकर
कासावची पहिली रेकॉर्ड ऐकली आहे का? त्यातही डिस्को आहेच. त्यांना पुढे वाट सापडली, यांना नाही सापडली, एवढंच. आणि दिवसभर पोस्टात टपाल छाटून आलेल्या माणसाला शनिवारी नुसतं नाचायचं असेल तर त्याने काय पाप केलं? प्रत्येक कलाकाराने झेंडा घेऊनच उभं राहायचं, हा आग्रह आपण गोऱ्या बँडकडे कधी धरतो? आब्बाला कोणी विचारलं का, स्वीडिशमध्ये का गात नाही म्हणून?

चौकस भटक्या
अवांतर, पण राहवत नाही. वर ओटावानचं नाव आलंय. व्हांगार्दच्या त्याच कारखान्यातलं त्यांचं 'तेज ओके' आपल्या 'डिस्को डान्सर'मध्ये (१९८२) 'जिमी जिमी' होऊन आलं. ओटावानचा गायक मूळ मार्टिनिकचा आणि 'जिमी जिमी' गाणाऱ्या पार्वती खान त्रिनिदादच्या. म्हणजे कॅरिबियनचं गाणं पॅरिसमार्गे मुंबईत येऊन पुन्हा कॅरिबियनच्याच गळ्यात पडलं. बप्पीदांना हे ठाऊक होतं की नाही देव जाणे. आमच्याकडे बँजो पार्टी अजून वाजवते ते.

तिहाई
वा, हे मस्त!
मूळ विषयावर: त्यांची घसरण का झाली हेही बघायला हवं. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या मैदानात डिस्कोच्या रेकॉर्डी स्फोटात उडवल्या, तिथून अमेरिकेचं दार बंद होत गेलं. युरोपात डिस्को आणखी थोडा टिकला, म्हणून यांची ब्रिटनमधली सगळी मोठी गाणी त्याच दीड-दोन वर्षांतली. मग सिंथेसायझर आणि ड्रम मशीन आलं. खरे ड्रम, खरा पियानो, खरे ट्रम्पेट हेच यांचं भांडवल आणि नेमकं तेच महाग झालं. १९८३ मध्ये 'माय हार्ट्स बीटिंग वाइल्ड' छपन्नाव्या नंबरवर थांबलं. व्हांगार्दची आजची ओळख तरी काय? 'डाफ्ट पंक' या गाजलेल्या फ्रेंच इलेक्ट्रॉनिक जोडीतल्या तोमा बांगाल्तेरचे वडील!

ओसरीवरचा
म्हणजे माझंच म्हणणं झालं. बाजार बदलला तेव्हा व्हांगार्दकडे ला कंपनी क्रिओल होती, पुढची गाणी होती, हक्क होते. भावांकडे 'क्युबा' वाजवायचे कार्यक्रम. प्रॉडक्ट म्हणतात ते यालाच.

खिडकीतला स्पीकर
याला करार म्हणतात. करार वाईट होता म्हणा, हवं तर भावांना लुबाडलं म्हणा, मी ऐकून घेईन. पण मग शिव्या व्हांगार्दला घाला ना. तुम्ही मघापासून त्या तिघांना का घालताय?

ओसरीवरचा
दोघांनाही घालतोय. वेळ आहे माझ्याकडे.