जुन्या अमेरिकन पॅटर्नवरून खणाचा फ्रॉक, मदत हवी आहे

शिवणकामवाल्या मंडळींनो, जरा डोकं लावा.

इथे अमेरिकेत एका घरातलं जुनं सामान विकायला काढलं होतं, तिथून लहान मुलीच्या फ्रॉकचा सिम्प्लिसिटी कंपनीचा पॅटर्न (पाकिटात कटिंगचे तयार कागद) मिळाला. किंमत 15 सेंट छापलीय, साल कुठेच नाही, पण चित्रावरून 1940 च्या आसपासचा वाटतोय. फुगा बाही, गोल कॉलर, मागे बटणपट्टी, कमरेला चुण्या. लेकीला दिवाळीला शिवायचाय, आणि कापड म्हणून सासूबाईंनी पाठवलेला गुळेदगुडचा खण आहे.

आता गंमत अशी की आतल्या पातळ कागदांवर एक अक्षर नाही, नुसती भोकं. मॅककॉलने 1920 च्या सुमारास छापील पॅटर्न आणले तरी बाकीच्या कंपन्या पुढे बरीच वर्षं भोकांवरच भागवत होत्या. मोठ्या भोकांची रांग म्हणजे उभा धागा, बारीक भोकं टक्सची, इथपर्यंत लागलं. पण सूचनांचा कागद गायब आहे, त्यामुळे शिलाईचं मार्जिन किती धरलंय ते कळत नाही. हल्ली इथल्या पॅटर्नमध्ये पाच अष्टमांश इंच असतं, जुन्यांत अर्धा इंचही असायचं. हे कागद मोजून ओळखायची काही युक्ती आहे का? खण कापला की कडेने भसाभस धागे सुटतात म्हणून मी तसंही जास्तच ठेवणार, पण मूळ शिलाईची रेघ कुठे ते तरी कळायला हवं ना.

दुसरं म्हणजे माप. साइज 4, छाती 23 आणि लेकीची 24. पुढच्या-मागच्या भागाला बगलेच्या शिवणीत पाव-पाव इंच वाढवलं की एक इंच मिळतो हे कळतं, पण मग मुंढाही (बाही जोडायचा गोल) वाढतो. बाहीला चुण्या आहेत तर त्यात तेवढा फरक खपून जाईल का, की खांद्याच्या मधून खालपर्यंत कागद कापून पसरवू? पोर खांद्यात अगदी बारीक आहे म्हणून खांदा वाढवायला नको वाटतंय. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणे, फेक ते कागद, छाती भागिले चार करून नवीन कटिंग काढ. आईचं बरोबरच असेल, पण मग चित्रातला फ्रॉक कुठे राहिला, तेव्हा प्लीज तो सल्ला सोडून बोला.

खरी अडचण काठाची आहे. काठ खाली घेरावर हवाय, म्हणजे स्कर्ट आडव्या धाग्यावर कापावा लागेल, आणि पॅटर्नमधला स्कर्ट खाली थोडा फाकतो, कड गोलसर आहे. गोल कडेवर काठ बसणार नाही. त्याऐवजी सरळ पट्टाच कापून कमरेला चुणून घेतला तर? खण कडक असतो, चुण्या पोटावर फुगून बसतील अशी भीती वाटते, पाकिटावर दाखवलेलं कापड मऊ सुती दिसतंय. चुण्यांऐवजी प्लेट्स घालू का? पना (कापडाची रुंदी) जेमतेम 31 इंच आहे, पण काठ घेरावर घेतला की त्याने स्कर्टच्या उंचीला काही अडत नाही.

आधी मांजरपाटावर वरचा भाग शिवून बघणारच आहे, खण वाया घालवायची हिंमत नाही. अस्तर मात्र पूर्ण लावू की नुसतं वरच्या भागाला? आणि खणाला अस्तर लावून फुगा बाही केलीय का कुणी, ती फुगते की नुसती कडक उभी राहते?