एचआयव्हीबाधित हिमोफिलिया रुग्णांना महागडा अतिशुद्ध फॅक्टर ८ देणं योग्य होतं का?

निशिगंध:
हिमोफिलियाच्या बहुतेक रुग्णांत रक्त गोठवणारं ‘फॅक्टर ८’ हे प्रथिन पुरेसं नसतं, म्हणून ते टोचून द्यावं लागतं. हजारो दात्यांचा प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) एकत्र करून बनवलेल्या अशा फॅक्टरमधून ब्रिटनमध्ये रक्तस्रावाचे विकार असलेल्या सुमारे १,२५० जणांना एचआयव्ही झाला. त्यांत सुमारे ३८० मुलं होती. पुढे उष्णतेने विषाणू मारायची पद्धत आली आणि ही लागण थांबत गेली. पण बाधित झालेल्यांची फॅक्टरपासून सुटका नव्हती; तो टोचला नाही तर रक्त थांबणार कसं? मध्यम शुद्धतेच्या बाटलीत फॅक्टर ८ थोडा आणि फायब्रिनोजेन, इम्युनोग्लोब्युलिन अशी इतर प्रथिनंच जास्त; त्यांचा प्रतिकारशक्तीवर ताण येतो अशी शंका होती. १९९३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तीन वर्षांची चाचणी छापली: मध्यम शुद्धतेचा फॅक्टर घेणाऱ्यांच्या सीडी४ पेशी (एचआयव्ही ज्यांना मारतो त्या प्रतिकारशक्तीच्या पेशी) घटत गेल्या, मोनोक्लोनल अँटिबॉडीने (फक्त फॅक्टर ८ ला धरून ठेवणाऱ्या प्रथिनाने) शुद्ध केलेला, म्हणजे अतिशुद्ध, घेणाऱ्यांच्या जवळपास टिकल्या. मग हा अतिशुद्ध फॅक्टर प्रत्येक बाधिताला द्यायलाच हवा होता, किंमत न बघता. ज्यांना औषधातूनच हा आजार दिला, त्यांना आणखी पुराव्यासाठी थांबवून ठेवणं मला मान्य नाही.

प्रयोगशाळा:
मला पटत नाही. १९९२ मध्ये इटलीतली दोन वर्षांची चाचणी प्रसिद्ध झाली, तीत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. शिवाय सीडी४ टिकल्या म्हणजे माणूस जास्त जगला असं होत नाही. छोट्या चाचणीतून ते कळतही नाही. न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया (प्रतिकारशक्ती खालावल्यावर होणारा फुप्फुसाचा आजार) टाळणारी कोट्रायमॉक्साझोल या प्रतिजैविकाची गोळी स्वस्त होती आणि तिचा उपयोग सिद्ध झालेला होता. पैसा मोजकाच असेल तर आधी ती प्रत्येकाला मिळते का, ते बघायला हवं.

निशिगंध:
इटलीतच १९९१ च्या चाचणीत फरक दिसला होता, तो का सोडलात? तीन औषधांचे एकत्रित उपचार १९९६ च्या सुमारास आले. त्याआधी हाती एझेडटीसारखी एचआयव्हीवरची मोजकी औषधं होती. अशा वेळी पेशी टिकवणारं काहीही मोलाचंच.

सह्याद्री:
दोघांनाही एक सांगते. ‘फॅक्टरमुळेच प्रतिकारशक्ती ढासळते’ हे वाक्य जपून वापरा. एचआयव्हीमुळे एड्स होतो हेच नाकारणारे अमेरिकी शास्त्रज्ञ पीटर ड्यूसबर्ग यांनी त्याच आधारावर एचआयव्हीला निर्दोष ठरवायचा प्रयत्न केला. १९९५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात ब्रिटनमधल्या रुग्णांचे आकडे आले: तीव्र हिमोफिलियात एचआयव्ही नसलेल्यांचा मृत्युदर वर्षाला हजारी ८, पूर्वी होता तेवढाच. एचआयव्ही असलेल्यांचा १९९१-९२ मध्ये ८१. फॅक्टर दोन्हीकडे होता, विषाणू एकीकडेच. शुद्धतेचा फायदा असलाच तर तो विषाणूच्या मानाने लहान.

प्रयोगशाळा:
नेमकं हेच. म्हणून सरसकट बदलण्याऐवजी रुग्णाला दोन्ही बाटल्यांबद्दल जे माहीत आहे आणि जे नाही, ते सगळं सांगायचं आणि निवड त्याच्यावर सोडायची. दूषित रक्ताच्या या प्रकरणावरच्या ब्रिटनच्या चौकशी समितीच्या २०२४ च्या अहवालात सर्वांत चीड आणणारी गोष्ट हीच आहे, की माणसांना, मुलांच्या आईवडिलांनासुद्धा, धोके सांगितलेच नव्हते.

निशिगंध:
सांगायलाच हवं, त्यात वाद नाही. पण दोनपैकी एकाच बाटलीचा खर्च रुग्णालय उचलणार असेल, तर रुग्णाने निवडायचं काय?