घरी बंदुकीच्या गोळ्या ओतताना एका बैठकीत किती काढाव्यात?

प्रश्न (कोलंबस, ओहायो)

नमस्कार. गेली चार वर्षे मी रिव्हॉल्व्हरची .३८ स्पेशल काडतुसे घरीच भरतो आणि आमच्या क्लबाच्या सरावात दर शनिवारी साधारण शंभर झाडतो. आतापर्यंत गोळ्या विकत घेत होतो. या हिवाळ्यापासून स्वतः ओतायला लागलो आहे. माझ्याकडे खालून धार सोडणारी वीस पौंडांची विजेची भट्टी आहे, १५८ ग्रेन वजनाच्या दोन गोळ्या एका वेळी पाडणारा दोन घरांचा अ‍ॅल्युमिनियमचा साचा आहे, आणि टायरच्या दुकानातून मिळालेली चाकाची शिशाची वजने वितळवून पाडलेल्या सुमारे साठ पौंड लगडी आहेत.

पहिल्या बैठकीत १८० गोळ्या काढल्या आणि त्या चांगल्या उतरल्या. दुसऱ्या बैठकीत मात्र एका दमात महिन्या-दोन महिन्यांची बेगमी करावी असे ठरवून पाच तास बसलो, मध्ये एकदा भट्टीत आणखी लगडी टाकल्या आणि हजाराचा आकडा गाठला. त्यांतल्या शेवटच्या तीनशेंपैकी निम्म्याहून अधिक गोळ्यांवर सुरकुत्या होत्या किंवा त्यांच्या बुडाची कड भरलेली नव्हती, त्यामुळे त्या परत वितळवाव्या लागल्या.

ज्यांना अनुभव आहे त्यांनी सांगावे की दर आठवड्याला थोड्या थोड्या ओताव्यात, की दोन महिन्यांतून एकदा मोठी बैठक मारावी. दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. गॅरेज घराला लागून आहे आणि आमची मुलगी तीन वर्षांची आहे. शिवाय क्लबातले एक गृहस्थ जास्तीच्या गोळ्या विकत घ्यायला तयार आहेत.

उत्तर १ (ह्यूस्टनजवळ, टेक्सस)

तुमच्या त्या शेवटच्या तीनशे गोळ्यांतच तुमच्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे, म्हणून आधी त्यांच्याबद्दल बोलू.

एका पौंडात ७,००० ग्रेन असतात, म्हणजे १५८ ग्रेनच्या गोळ्या पौंडाला ४४ निघतात आणि वीस पौंडांच्या भरलेल्या भट्टीतून कागदावर ८८० निघायला हव्यात. प्रत्यक्षात मी खालचा पाव भाग कधीच ओतत नाही. खालून धार सोडणाऱ्या भट्टीत पातळी उतरत जाते तसा वरच्या धातूचा दाब कमी होतो, धार बारीक होते, आणि साच्यात सर्वांत शेवटी भरणारा भाग, म्हणजे गोळीचे बूड, अपुरे राहू लागते. गोळीच्या टोकावर एखादी बारीकशी सुरकुती असली तरी जवळच्या निशाण्यावर ती फारशी जाणवत नाही. पण बुडाची कड एका बाजूला गोलसर राहिली असेल, तर नळीच्या तोंडातून बाहेर पडताना मागचा वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि गोळीला तिरका धक्का देतो. म्हणून मी गोळी पारखताना आधी तिचे बूड पाहतो आणि मग बाकीची. शिवाय भट्टीच्या तळाशी जी राख आणि मळी बसते ती तोटीत अडकते आणि तोटी मग रात्रभर ठिबकत राहते, ही कटकट वेगळीच.

तळचे पाच पौंड सोडले की ६६० गोळ्यांचा धातू उरतो, आणि नापास होणाऱ्या जाऊ दिल्या की सहाशे हातात पडतात. माझ्या मते तुमची बैठक एवढीच असावी. आठवड्याला शंभर धरले तर वर्षाला ५,२०० गोळ्या लागतात, त्यांना ११७ पौंड म्हणजे सुमारे ५३ किलो मिश्रधातू लागतो, आणि सहाशेच्या हिशेबाने वर्षात नऊ बैठका पुरतात. तुमच्या साठ पौंडांत सहा महिने सहज निघतील.

१८० च्या बैठकीचा तोटा असा की साचा तापून एका लयीत येईपर्यंत पहिल्या वीस-तीस गोळ्या तशाही परत भट्टीत जातात. भट्टी तापायला लागणारा वेळ, मेण किंवा लाकडाचा भुसा टाकून धातू ढवळणे, वरची मळी काढणे हे सगळे १८० गोळ्यांनाही तेवढेच करावे लागते आणि सहाशेंनाही तेवढेच. उलट, साचा एकदा लयीत आला की तो सोडू नये. धार सोडावी, वरच्या धातूची चमक जाऊन तो मंद दिसू लागेपर्यंत तीन-चार सेकंद थांबावे, स्प्रू (साच्याच्या तोंडावर उरलेला जास्तीचा धातू) कापावा, साचा उघडून गोळ्या घडी केलेल्या जुन्या टॉवेलवर पडू द्याव्यात आणि लगेच पुढची धार सोडावी. मध्येच एखादी गोळी उचलून न्याहाळत बसलात तर तेवढ्यात साचा निवतो आणि पुढच्या चार जोड्यांवर सुरकुत्या येतात. मी ७०० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ३७० सेल्सिअसच्या आसपास राहतो. गोळी सुरकुतलेली निघाली तर साचा थंड आहे असे समजावे, आणि ती दहिवर पडल्यासारखी पांढुरकी दिसू लागली तर तो जास्त तापला आहे, तेव्हा वेग थोडा कमी करावा. दोन घरांच्या साच्यात तासाला दोनशे-अडीचशे चांगल्या गोळ्या निघतात, म्हणजे सहाशेंना अडीच-तीन तास लागतात. माझ्या अनुभवात तीन तासांनंतर भट्टी तीच असते आणि साचाही तोच असतो, फक्त मनगटाची लय गेलेली असते.

आणखी एक हिशेब आधी करून ठेवावा. ओतलेली प्रत्येक गोळी पुढे .३५८ इंचाच्या डायमधून (गोळी नेमक्या मापाची करणाऱ्या छिद्रातून) काढायची आहे आणि तिला वंगण किंवा पावडरचे आवरण द्यायचे आहे. चाकाच्या वजनांतल्या अँटिमनीमुळे ताजी गोळी दोन-तीन आठवडे हळूहळू कडक होत जाते, म्हणून हे काम दोन दिवसांत उरकलेले बरे. दोन हजार गोळ्या ओतून त्या महिनाभर डब्यात पडून राहिल्या, तर पुढे प्रत्येक गोळीला दंडाचा जोर लावावा लागतो.

क्लबातल्या त्या गृहस्थांना नम्रपणे नकार द्यावा. स्वतःच्या वापरासाठी ओतणे निराळे. पण अमेरिकेच्या फेडरल कायद्यात नुसती गोळीसुद्धा दारूगोळ्यात मोडते आणि ती धंदा म्हणून बनवून विकायची तर ०६ प्रकारचा परवाना घ्यावा लागतो. भारतातून हे वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की तिथे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय हे काम करणे हाच गुन्हा आहे.

उत्तर २ (मोंटाना)

मी वरच्या हिशेबाशी सहमत नाही, पण माझे कामही वेगळे आहे. मी बंदुकीची जुन्या पद्धतीची काळी दारू वापरून .४५-७० रायफल चालवतो. आमच्या सिल्हूट स्पर्धेत प्राण्यांच्या लोखंडी आकृत्या पाडायच्या असतात; त्यांतल्या कोंबड्या २०० मीटरवर असतात आणि मेंढे ५०० मीटरवर. पाचशे ग्रेनच्या गोळ्या पौंडाला चौदाच निघतात. वीस भाग शिसे आणि एक भाग कथील असे मिश्रण, एका घराचा लोखंडी साचा आणि पळीने ओतणे असा माझा प्रकार आहे. बैठकीत शंभर-सव्वाशे काढतो, प्रत्येक तोलतो आणि एका ग्रेनच्या आत बसणाऱ्या ऐंशीच्या आसपास ठेवतो. त्याहून जास्त काढल्या की वजनांची फारकत वाढू लागते, हे मी वहीत अनेक वेळा लिहून पाहिले आहे. पंचवीस यार्डांवर रिव्हॉल्व्हर चालवणाऱ्याला एवढ्या काटेकोरपणाची गरज नाही हे मान्य. पण संख्या भट्टीच्या मापावरून न ठरवता तराजूवरून ठरवावी, एवढे सांगावेसे वाटते.

उत्तर ३ (पिट्सबर्ग, पेनसिल्व्हेनिया)

मी स्वतः गोळ्या ओतत नाही, माझे पती ओततात; आणि मी लहान मुलांच्या रक्तचाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. तुम्ही तीन वर्षांच्या मुलीचा उल्लेख एका वाक्यात केलात, पण माझ्या दृष्टीने बैठकीची संख्या तिच्यावरूनच ठरली पाहिजे.

या तापमानाला शिशाची वाफ फारच थोडी होते. खरा धोका असतो तो वरच्या करड्या मळीत, लगडी हाताळताना बोटांना लागणाऱ्या काळसरपणात, आणि झाडू मारल्यावर उडणाऱ्या धुळीत. ती धूळ बाह्यांवर, बुटांवर, फोनच्या कडेला बसते आणि तिथून घरात येते. जमिनीवर खेळणारे मूल दिवसभर हात तोंडात घालत असते आणि त्याचे शरीर मोठ्या माणसापेक्षा कितीतरी अधिक शिसे शोषून घेते. २०२१ मध्ये सीडीसीने (अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने) मुलांच्या रक्तातल्या शिशाची लक्ष देण्याजोगी पातळी डेसिलिटरला ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली; त्याच्या खालची पातळी सुरक्षित आहे असाही त्याचा अर्थ नाही.

म्हणून मी दर आठवड्याच्या छोट्या बैठकीच्या विरोधात आहे. वर्षातून बावन्न वेळा मळी काढणे आणि बावन्न वेळा कपडे बदलणे यापेक्षा तेच नऊ वेळा करणे केव्हाही बरे. दुसऱ्या बाजूने, पाच तासांची बैठकही नको, कारण चौथ्या तासाला माणसाला तहान लागते आणि तो हातमोजा काढून कॉफीचा कप उचलतो. आमच्याकडे नियम असा आहे की बैठकीची वेळ ठरवताना आवरण्याचा पाऊण तास त्यातच धरायचा. त्या पाऊण तासात टेबल आणि जमीन ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बांधायचे, मळी झाकणाच्या डब्यात भरायची, कपडे तिथेच उतरवून वेगळे धुवायचे, आणि हात व चेहरा साबणाने धुतल्याशिवाय घरात पाऊल टाकायचे नाही. चाकाची वजने वितळवून लगडी पाडणे हे सगळ्यांत घाण काम आहे. ते गॅरेजमध्ये करूच नये, उघड्यावर करावे. आवरणाची पावडर भाजायला वापरलेल्या ओव्हनमध्ये पुन्हा कधीही खाण्याचे काही करू नये.

आणि कृपा करून तुम्ही दोघांनी नसेतून रक्त घेऊन चाचणी करून घ्यावी, तसेच मुलीच्या डॉक्टरांना घरी काय चालते ते स्पष्ट सांगावे. रक्तातले शिसे साधारण महिन्याभरात निम्मे होते, पण हाडात गेलेले अनेक वर्षे राहते.

प्रश्नकर्ता

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. मुलीच्या डॉक्टरांना आजच फोन केला. एक शंका राहिली आहे: भट्टी पाव भागावर आली की तिच्यात लगडी टाकून पुढे चालू ठेवले, तर त्यात काय चुकते? माझ्या हजारांच्या बैठकीत मी तेच केले होते.

उत्तर ४ (अ‍ॅन आर्बर, मिशिगन)

याचे उत्तर मला फार जवळून मिळाले आहे, म्हणून लिहितो.

थंड लगड टाकली की उरलेल्या थोड्या धातूचे तापमान एकदम कोसळते, आणि भट्टी पुन्हा वर येईपर्यंत साचाही निवतो. तुमच्या सुरकुत्या बहुधा तिथूनच सुरू झाल्या. पण त्याहून गंभीर गोष्ट ओलाव्याची आहे. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत मी लगडी गॅरेजच्या भिंतीशी रचून ठेवल्या होत्या. दार बंद करून हीटर लावल्यावर त्या गार लगडींवर दव धरले, आणि ते इतके बारीक होते की नुसत्या नजरेला दिसले नाही. त्यांतली एक मी वितळलेल्या धातूत सोडली. पाणी धातूखाली गेले की क्षणात वाफ होऊन कितीतरी पटींनी फुगते; त्या वाफेने भट्टीतला दोन-तीन पौंड धातू उसळून वर गेला आणि छतावर त्याचा रुपेरी शिंतोडा अजून तसाच आहे. तोंडावर पूर्ण ढाल होती आणि बाह्या लांब होत्या, म्हणून मनगटाजवळच्या एका डागावर निभावले. तेव्हापासून भट्टी थंड असतानाच ती भरायची आणि बैठक संपेपर्यंत तिच्यात बाहेरचे काही घालायचे नाही, असे मी ठरवले आहे. कापलेले स्प्रूसुद्धा बाजूच्या डब्यात जमवतो आणि ते पुढच्या वेळच्या भरतीत जातात. असे केले की बैठकीची संख्या आपोआप एका भट्टीवर येऊन थांबते.

माझे वडील पुण्यात एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, जुळवत असत. छापखान्यातले खिळे आणि आपल्या या गोळ्या एकाच कुळातल्या धातूच्या आहेत. शिशात अँटिमनी घातले की धातू गोठताना कमी आकसतो, साच्याची कडन्‌कड उचलतो आणि कडक होतो; कथिलामुळे तो नीट वाहतो. लायनोटाइप या अक्षरांच्या ओळी ओतणाऱ्या यंत्राच्या धातूत साधारण ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असते, आणि इथल्या जुन्या छापखान्यांतून निघालेला तो धातू गोळ्या ओतणारे अजूनही शोधत असतात. ओतलेल्या नव्या खिळ्यांची पुडी आली की वडील ती उजेडाकडे धरून कानामात्रेची टोके पाहायचे. एखादी वेलांटी बोथट असली तर त्या ओतीचे सगळे खिळे परत पाठवावेत असा त्यांचा आग्रह असे, कारण ओतारी दमला की तो एका खिळ्यावर दमत नाही, असे ते म्हणत. मीही तेच करतो. शेवटच्या पन्नास गोळ्यांची बुडे एका ओळीत उभी करून दिव्याखाली पाहतो, आणि त्यांत पाचाहून जास्त वाईट दिसल्या तर पुढच्या वेळी अर्धा तास आधी थांबतो.

साठवणीबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून एवढे जोडतो: ओकच्या लाकडी पेटीत गोळ्या ठेवू नयेत. त्या लाकडातून निघणाऱ्या आम्लाने शिशावर पांढरी भुकटी धरते, आणि ती भुकटी हाताला लागणारे विषच आहे. झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्यावा, त्यावर तारीख आणि मिश्रधातू लिहावा, आणि दोन बैठकींच्या गोळ्या एकत्र करू नयेत.

प्रश्नकर्ता

येत्या रविवारी भट्टी थंड असतानाच काठोकाठ भरीन, लगडी आदल्या रात्री घरातल्या उबेला कोरड्या पेटीत ठेवीन, आणि पाच पौंड तळाशी राहू देऊन सहाशेच्या आसपास थांबेन. सकाळी नऊला सुरुवात केली तर बारापर्यंत ओतणे आणि पाऊणपर्यंत आवरणे होईल. मुलगी आणि तिची आई तोपर्यंत आजीकडे असतील. शेवटच्या पन्नासांची बुडे दिव्याखाली पाहून किती वाईट निघाल्या ते इथेच लिहितो.